मेरेवरचा माका

भाद्रपदात मालवण तालुक्यातल्या कुठल्याही मळ्यात उतरावं. भात पोटरीला आलेलं असतं. पावसाच्या सरी आता धसमुसळ्या राहिलेल्या नसतात आणि दोन सरींच्या मधल्या उघडिपीत ऊन असं पडतं की खाचरातलं पाणी तापून वाफ धरतं. अशा वेळी मेरेवरून, म्हणजे खाचरांमधल्या बांधावरून, चालताना पायाशी बघावं. जिथे पाणी झिरपत राहतं तिथे माका फोफावलेला असतो. वीतभर, कुठे हातभर उंच. समोरासमोर फुटलेली लांबट, खरखरीत पानं आणि टोकाला नखाएवढं पांढरं फूल. पान चुरगळलं की रस आधी हिरवा दिसतो आणि बघता बघता काळवंडतो. तो डाग बोटांवरून सहज जात नाही. बोटाला असा धरणारा रंग केसालाही धरेल, असं कधीतरी कुणा बाईच्या मनात आलं असणार.

याच महिन्याच्या वद्य पक्षात पितर येतात. श्राद्धाला पिंडावर वाहायला माका लागतो. त्यामुळे ज्या घरी डोक्याचं तेल विकत येतं त्या घरातल्याही कुणाला तरी वर्षातून एकदा मेरेवर जाऊन माका शोधावा लागतो. जिथे तेल घरीच काढतात तिथे गेलेल्यांसाठी एक जुडी आणि जित्यांच्या केसांसाठी दुसरी, अशा दोन जुड्या एकाच मेरेवरून एकाच सकाळी घरात येतात. माक्याच्या तेलाबद्दल मला जे सांगायचं आहे ते रोपाच्या ओळखीबद्दलच आहे. केसांचं तेल कढईत शिजतं हे खरं, पण ते सुरू होतं रोप ओळखणाऱ्या डोळ्यांपासून.

माक्यानंतर परसात फिरायचं. विहिरीच्या काठाला सांडपाण्यावर ब्राह्मी पसरलेली असते. कोकणात या एका नावाने दोन वेगळी रोपं चालतात. एक बारीक, जाडसर पानांची, फिकट निळसर-पांढऱ्या फुलांची. दुसरी गोल, कातरलेल्या कडांच्या पानांची, जिला वैद्य मंडूकपर्णी म्हणतात. दोन्ही ओलीत वाढतात, दोन्ही तेलात जातात आणि कुठल्या घरात कोणती ब्राह्मी हे त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईनेच ठरवलेलं असतं. कुंपणाला जास्वंद असते, साध्या लाल एकेरी फुलाची. तिची पानं पाण्यात कुस्करली की बुळबुळीत रस सुटतो आणि तो केसांवर घासला की केस मऊ होतात. दारातली कोरफड, कढीलिंबाची डहाळी, डब्यातले मेथीचे दाणे, बाजारातून आणलेली आवळकाठी. सगळं मिळून एका टोपलीत मावेल एवढं. यातलं थोडंच विकत घ्यावं लागतं, बाकीचं परसात आणि मेरेवर असतं.

आणि मग माड. या किनाऱ्यावरचा उंच वाढणारा बाणवली माड केसांच्या तेलाला सगळ्यात मोठं दान देतो. सुक्या खोबऱ्याच्या वजनात साठ-पासष्ट टक्के तेल असतं. ते घाण्यावर काढतात. दुसरा प्रकार ओल्या नारळाचा. खोबरं खवून त्याचा रस पिळायचा, तो मंद आचेवर आटवायचा आणि तळाशी चोथा तांबूस झाला की वरचं निवळ तेल काढून घ्यायचं. याला आवेल म्हणतात. ते पाण्यासारखं नितळ असतं, त्याला ताज्या खोबऱ्याचा वास असतो आणि तान्ह्या बाळाच्या टाळूवर पहिली धार त्याचीच पडते. शेजारच्या गोव्यात 1563 साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वनौषधींवरचा ग्रंथ छापला गेला. नारळावरच्या प्रकरणात त्यानेही सुक्या खोबऱ्याचं आणि ओल्या नारळाचं अशी दोन तेलं वेगवेगळी सांगितली आहेत. साडेचारशे वर्षांपूर्वीही या किनाऱ्यावर त्यांतला फरक ठाऊक होता, हे त्यावरून कळतं.

तेल शिजवायचं म्हणजे एक सकाळ द्यायची. माक्याचा रस पाट्यावर वाटून, पंच्यातून पिळून काढलेला. बाकीच्या पानांचा वाटून केलेला गोळा. लोखंडी कढई, चुलीत लाकडं कमी आणि निखारा जास्त. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरसंहितेत औषधी तेलाचं प्रमाण दिलं आहे: वाटलेली वनस्पती एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. माझ्या आजीला ग्रंथ ठाऊक नव्हता. ती ओंजळीने मोजायची. पण रस तेलापेक्षा कितीतरी जास्त हवा आणि घाई अजिबात नको, हे तिच्या हातात होतं. कढई उकळायला लागली की तेल तडतडायचं, बुडबुडे फुटायचे आणि ती पाटावर बसून आवाज ऐकत राहायची. आम्ही विचारलं की म्हणायची, ''अजून पाणी आसा, गाजता बघ.'' मग कधीतरी तडतड मंदावायची, विरळ व्हायची. ''तेल गप झाला. उतरय आता.'' एवढं बोलून ती उठायची.

या आवाजामागचं कारण साधं आहे आणि मला ते फार सुंदर वाटतं. कढईत पाण्याचा अंश आहे तोवर तेलाची उष्णता पाणी उकळण्याच्या पातळीच्या फारशी वर चढत नाही. पाण्याची वाफ होत राहते, तीच उष्णता घेऊन जाते आणि पानांतलं सत्त्व न जळता तेलात उतरतं. शेवटचा थेंब उडाला की तेल झपाट्याने तापू लागतं. त्या क्षणी कढई खाली आली नाही तर पाला करपतो आणि तेलाला जळका वास लागतो. शार्ङ्गधरानेही हाच क्षण पकडायची खूण दिली आहे: पाल्याचा गाळ बोटांत वळला की त्याची वात व्हावी आणि ती विस्तवावर टाकली की चटचट होऊ नये. शास्त्रकाराने संस्कृतात लिहिलं आणि आजीने कानाने ऐकलं, दोघांनाही पाणी कधी संपलं एवढंच जाणून घ्यायचं होतं. पाणी राहिलं तर तेलाला बुरशी धरते आणि तेल खवट होतं, म्हणून ते गाळून पूर्ण निवल्यावरच काचेच्या बरणीत भरायचं. पौष-माघात पहाटे गारठा पडला की बरणीतलं तेल थिजतं. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली खोबरेल असंच वागतं. बरणी थोडा वेळ उन्हात ठेवायची, की पुन्हा हिरवट-काळं तेल हलू लागतं.

भाद्रपदात काढलेलं तेल आश्विनात चावदिसाला उपयोगी पडतं. नरकचतुर्दशीच्या अंधारात अंगणात दिवा, न्हाणीत भाणभर तापलेलं पाणी आणि पाटावर बसलेल्या पोरांच्या टाळूवर आईचा तळहात. तेल मुरलं की उटणं, न्हाऊन झालं की तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं. एरवी डोक्यावरून न्हायचं ते आठवड्यातून एकदा. आदल्या रात्री लोखंडी भांड्यात शिकेकाईच्या शेंगा, रिठ्याची सालं आणि आवळकाठी भिजत घालायची, सकाळी उकळून गाळायची. शिकेकाईत आणि रिठ्यात फेस करणारं सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा फेस साबणाएवढा येत नाही, पण तेलकटपणा निघतो आणि केस रखरखीत होत नाहीत. रिठा जास्त झाला तर मात्र केस कोरडे पडतात आणि डोळ्यांत गेला तर आग होते. म्हणून मुलांना डोळे घट्ट मिटायला सांगतात. न्हाणीतून वाहिलेलं पाणी मागच्या माडाच्या आळ्यात, केळीच्या मुळाशी, अळवात जातं. ज्या माडाने तेल दिलं त्याच्याच मुळाशी ते धुतलेलं पाणी पोचतं.

न्हालेल्या केसांना इथे फूल हवंच. माघ-फाल्गुनात वेंगुर्ल्याकडे सुरंगी फुलते. तिची फुलं फांद्यांना चिकटूनच गुच्छाने येतात आणि तिचे वळेसर बाजारात आले की सबंध रस्ता वासाने भरतो. मग ओवळं, म्हणजे बकुळ. वर्षभर अबोली. ओलसर, शिकेकाईचा आंबट वास असलेल्या अंबाड्यावर सुरंगीचा वळेसर माळलेली बाई समोरून गेली की वाटतं, या जिल्ह्याला अत्तराची गरज नाही.

या सगळ्याची भूल पडू नये, असंही मला मनापासून वाटतं. कारण भुलीतूनच खोटे दावे जन्मतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोज डोक्याला तेल लावण्याचे फायदे सांगितले आहेत, भावप्रकाशाने माक्याला केसांना हितकर म्हटलं आहे. आजचं विज्ञान त्यातलं काही मान्य करतं. 2003 साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना छापली. त्यांत केसांतलं प्रथिन धुऊन जाणं कमी करण्यात खोबरेलच उजवं ठरलं. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे लक्षात ठेवून ती वाचावी, पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलात जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्ल असतं, त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. माक्याच्या अर्काने उंदरांत केस लवकर उगवू लागल्याचे प्रयोग आहेत. पण उंदराच्या पाठीवर लावलेला प्रयोगशाळेतला अर्क आणि आपल्या कढईतलं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने गळतात. बहुतेक जणींचे वर्षभरात परत येतात, तेल लावलं तरी आणि न लावलं तरी. श्रेय मात्र तेलाला मिळतं. अंगात रक्त कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, डोक्यावर चाई पडली असेल, तर मेरेवरच्या कुठल्याही पाल्याआधी डॉक्टर गाठावा. कोंडा फार असेल तर रात्रभर तेल चोपडून ठेवू नये, कारण कोंड्याला कारण होणारी बुरशी टाळूवरच्या स्निग्धावरच जगते. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड लावतात, ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. बाजारातल्या काळ्या मेंदीत बहुधा रासायनिक रंग असतो आणि त्याने काहींच्या टाळूवर फोड येतात. हे सगळं स्पष्ट सांगितल्याने तेलाची किंमत कमी होत नाही. केस मऊ राहतात, तुटत नाहीत, टाळूवर बोटं फिरली की डोळे जड होतात. एवढं ते नक्की देतं आणि एवढं पुष्कळ आहे.

माझी काळजी वेगळी आहे. माक्याच्या तेलाच्या बाटल्या आता कुठल्याही दुकानात मिळतात, त्यांच्यावर पानाचं चित्रही असतं. मात्र मेरेवर माका कमी होत चालला आहे. माणसं मिळत नाहीत म्हणून मेरा बेणण्याऐवजी तणनाशक फवारलं जातं. त्या फवाऱ्याला गवत आणि औषधी यांत फरक कळत नाही. मळे पडीक पडले की मेरा खचतात, पाणी झिरपायचं थांबतं आणि ओलीवर जगणारी रोपं आधी जातात. शोभेसाठी लावलेला पिवळ्या फुलांचा परदेशी वेल कुंपणांवरून पसरतो आणि नव्या पिढीला तोच माका वाटतो. चुकीचं रोप कढईत गेलं की आजीचा कान कितीही तयार असला तरी तेल काही कामाचं नाही.

म्हणून मला तेलाच्या कृतीपेक्षा मेरेची जास्त चिंता आहे. कृती कागदावर राहते, रोपाची ओळख मात्र माणसाकडून माणसाकडेच जाते. वाडीतल्या एका तरी मेरेवर फवारा नको असं आपण ठरवू शकतो. विहिरीच्या सांडपाण्यावर ब्राह्मीला हातभर जागा ठेवू शकतो. जिल्ह्यातल्या शाळांनी भाद्रपदातली एक सकाळ मुलांना मळ्यात न्यावं. सोबत गावातली एखादी जाणती आजी घ्यावी, तिला हाताने दाखवू द्यावं, मुलांना पानं चुरगळून वास घेऊ द्यावा. त्यातलं एखादं पोर पुढे तेल काढेल, एखादं वनस्पतिशास्त्र शिकेल, बाकीची निदान शेतात फवारा मारण्याआधी खाली वाकून बघतील. माझ्या मते तेल राखण्याचा याहून खात्रीचा दुसरा उपाय नाही.