आमच्या राघूचें दुखणें

परवांपर्यंत आमची अशी दृढ समजूत होती कीं, पोपट पाळण्यास विशेष ज्ञान लागत नाहीं. पिंजरा, पाण्याची वाटी, हिरवी मिरची आणि भिजलेली हरभऱ्याची डाळ एवढें साहित्य जमलें कीं पोपटाचा संसार थाटला. मग त्यानें बोलावें व घरच्यांनीं कौतुक करावें, इतकेंच उरतें. ताडकळसास आमच्या ओसरीवर गेलीं नऊ वर्षें हा संसार निर्वेधपणें चालला होता, आणि त्यांत कांहीं चुकतें आहे अशी शंकाही आम्हांस कधीं शिवली नव्हती.

राघू आमच्याकडे आला तो वळवाच्या वादळांत. चिंचेखालीं पडलेलें, एक पंख दुखावलेलें पिलूं मातुःश्रींनीं पदरांत घालून आणलें आणि शिजवलेल्या कण्या बोटानें भरवून जगविलें. पंख जुळला, पण उडण्यापुरता कधींच झाला नाहीं. तिसऱ्या वर्षीं गळ्याभोंवतीं काळी-गुलाबी कंठी उमटली, तेव्हां तो नर असल्याचें आम्हांस कळलें. तोंवर मुलें त्यास राधाबाई म्हणत असत! मातुःश्री जाऊन आतां चार वर्षें झालीं. परंतु 'दार लोटून घे गं' हें त्यांचें रोजचें वाक्य, त्यांच्याच किंचित् कांपऱ्या आवाजांत, दिवेलागणीस ओसरीवरून ऐकूं येई, आणि घरांतलें कोणी ना कोणी उठून दार लोटीत असे.

यंदा पौषांतल्या एका संध्याकाळीं तें वाक्य आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं राघू पिसें फुलवून बसलेला दिसला. थंडी आहे, असें आम्हीं म्हटलें. तिसऱ्या दिवशीं तो भर दुपारीं डोळे मिटून होता. म्हातारा झाला, असें कोणी म्हणालें. बिरबलाच्या गोष्टींत राजाचा पोपट चोंच उघडीत नाहीं, पंख हालवीत नाहीं, सारें कांहीं सांगितलें जातें. नेमका तेवढा एक शब्द कोणी उच्चारीत नाहीं. आमच्या घरीं तीच रीत चालली होती. दाण्यांची वाटी भरलेली दिसे म्हणून आमचें समाधान होतें. चवथ्या दिवशीं सौ.नीं वाटीवर फुंकर मारली, तों वरचीं सारीं टरफलें उडालीं आणि खालीं वाटीचा तळ दिसला.

मग उपाय सुरू झाले. कोणी हळदीचें पाणी सांगितलें, कोणी दृष्ट काढावयास लावली, एका सद्गृहस्थांनीं ब्रँडीचा थेंब सुचविला. गुरांच्या डॉक्टरांनीं मात्र सरळ सांगितलें कीं, आपला हात गाई-म्हशींवर बसलेला, मूठभर पांखराला औषध मोजून देण्याचें धाडस आपण करणार नाहीं, परभणीस न्या. त्यांच्या ह्या नकाराबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु तिकडे बैल न्यावयाचा असतो, पोपट नव्हे, अशी आमची कल्पना! असो. गोधडींत गुंडाळलेला पिंजरा मांडीवर घेऊन आम्ही बसनें निघालों.

परभणीस ज्या पशुवैद्यांकडे आम्ही गेलों, त्यांनीं प्रथम पांखरास हातच लावला नाहीं. दूर बसून ते कांहीं वेळ नुसतें पाहत राहिले. श्वासागणिक शेंपटी हालत होती. आम्ही चार दिवस पाहूनही ती पाहिली नव्हती. थव्यांतलें दुबळें पांखरूं शिकऱ्याच्या नजरेंत आधीं भरतें. म्हणून पक्षी आजार लपवितो, आणि तो आपल्यास दिसूं लागतो तेव्हां बराच पुढें गेलेला असतो, असें ते म्हणाले. मग त्यांनीं पिंजऱ्याखालचा कागद मागितला. पक्ष्याच्या विष्ठेंत तीन भाग असतात: हिरवट मळ, पांढरी खडूसारखी लघवी आणि पाणी. यांपैकीं काय बदललें तें पाहावयाचें असतें. आम्ही तो कागद रोज न पाहतां फेंकीत होतों. शेवटीं राघूच्या छातीचें हाड त्यांनीं बोटानें चांचपलें. तें सुरीसारखें वर आलें होतें. वजन ९२ ग्रॅम भरलें.

"खायला काय देतां?" त्यांनीं विचारलें. सूर्यफुलाचें बी, शेंगदाणे, डाळ, मिरची आणि चहांत बुडविलेलें बिस्कीट, असें आम्हीं थोड्या अभिमानानेंच सांगितलें. त्यांनीं राघूची चोंच उघडून आंतले पांढरे ठिपके दाखविले. नुसत्या बियांत स्निग्धांश पुष्कळ व अ-जीवनसत्त्व जवळजवळ नाहीं. तें कमी पडलें कीं नाका-तोंडाच्या आंतलें नाजूक अस्तर जाड होतें, नाकपुडी बुजते, डोळा पाणावतो आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. दमट जागीं ठेवलेल्या शेंगदाण्यावर बुरशी धरते, तिचें विष यकृतास जातें. आमच्या साऱ्या मेजवानींत उपयोगाची वस्तु म्हणजे एकटी मिरची! तिच्यांत कॅरोटीन असतें. आणि तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाहीं. ही मिरची अमेरिकेंतून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, म्हणजे शुकबहात्तरींतल्या त्या चतुर पोपटाच्या संस्कृत पूर्वजानें ती पाहिलीही नसावी.

पथ्य असें ठरलें: शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, लाल भोपळा, पेरू आणि ज्वारीचें हुरड्याचें कणीस. शेवटचें नांव ऐकून आम्हांस हसूं आलें. ज्या कणसावरून आमचे शेतकरी माळ्यावर उभे राहून गोफणीनें पोपट उडवितात, तेंच आम्हीं विकत आणून पोपटास भरवावयाचें! चहा, मीठ, चॉकलेट हीं वर्ज्य. ॲव्होकॅडो तर विषच, पण ताडकळसास तें भय नाहीं. जुनें बी एकदम बंद करावयाचें नव्हतें. अनोळखी अन्नापुढें पोपट उपाशी मरतो, पण त्यास तोंड लावीत नाहीं. जीवनसत्त्वाची सुई डॉक्टरांनींच दिली. तें अधिक झालें तरी बाधतें, म्हणून घरीं थेंब मोजण्यास मनाई केली. पिंजऱ्याच्या एका बाजूस दिवा लावून ऊब द्यावयाची, आणि रोज सकाळीं वजन.

आणखी एक संशय होता, आणि तो मुलांमुळें आम्हांस जड गेला. सिटॅकोसिस म्हणून एक ज्वर पोपटाच्या वाळल्या विष्ठेच्या धुळींतून माणसास होतो व फुप्फुसांत उतरतो. १९२९-३० सालीं त्याची सांथ इतकी पसरली कीं, अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांनीं जानेवारी १९३० मध्यें पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. आतां त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतें. पक्ष्यास तें बहुधा ४५ दिवस द्यावें लागतें. तपासणीचें उत्तर येईपर्यंत आठ दिवस आम्हीं तोंडाला फडकें बांधून, ओल्या कागदानें पिंजरा पुसला आणि मुलांना ओसरी बंद केली. सुदैवानें तो रोग निघाला नाहीं.

निघतांना डॉक्टरांनीं हळूच विचारलें, "हा आपल्याकडे आहे, हें वनखात्यास ठाऊक आहे ना?" आम्ही निरुत्तर झालों. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं देशी पोपट घरीं पाळतां येत नाहीं. २०२२ च्या दुरुस्तीनें, १ एप्रिल २०२३ पासून, तो दुसऱ्या अनुसूचींत आहे. असा जीव हातीं आला तर ४८ तासांच्या आंत ठाण्यांत किंवा अधिकाऱ्यास कळवावयाचें असतें. ठाणें आमच्या गांवींच आहे. आम्हांस नऊ वर्षें लागलीं! जखमी जीवाला जगविलें, असें समर्थन आमच्या ओठांवर आलें होतें. परंतु ज्याला आम्हीं पंख नसतांना वांचविलें, त्याला दाणे चारून मरणाच्या दारीं आम्हींच नेलें होतें. तें समर्थन आम्हीं गिळलें.

परत आल्यावर वनखात्याकडे अर्ज दिला आहे. त्यांत तारखा खऱ्या लिहिल्या आहेत. ते येऊन नेतील, कीं बरा होईपर्यंत राहूं देतील, तें कळावयाचें आहे. सौ.नीं अर्जावर एक ओळ घालावयास लावली: ह्यास गाजर किसून लागतें.

काल राघू १०८ ग्रॅम भरला. डोळा स्वच्छ आहे, शेंपटी स्थिर आहे, शेवग्याचा पाला तो आधीं भिरकावतो व मग खातो. शीळ घालतो, मांजरास चिडवितो. दार लोटण्याचें वाक्य मात्र त्यानें अजून उच्चारलेलें नाहीं. दिवेलागणीस आम्ही थोडा वेळ ओसरीवर बसतों, आणि मग आपण होऊन दार लोटतों.