तंजावरहून ताईला

बेंगळुरू, ७ जून

प्रिय ताई,

‘पन्नाशी उलटल्यावर एकटीनं बिऱ्हाड हलवायचं, आणि तेही तमिळ मुलखात?’ भाऊजींनी हे विचारलं आणि तेवढ्यात गाडी फलाटाला लागली. उत्तर राहून गेलं. आता तंजावरच्या गाडीला अवकाश आहे, म्हणून प्रतीक्षालयात बसून लिहिते आहे.

नगरहून दक्षिणेला जाणं ही काही माझी नवलाई नाही, ताई. मालोजीराजांनी आपल्या शाहशरीफ पिराला नवस केला, मुलगे झाले, म्हणून त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं आजोबा सांगायचे. शरीफजी १६२४ साली भातोडीच्या लढाईत पडले. भातोडी म्हणजे आपल्या नगरजवळचीच. पुढे १६३६ साली निजामशाही बुडाली. जिच्यासाठी शहाजीराजे इतकी वर्षं झुंजले ती राजवटच उरली नाही, आणि वय चाळिशीच्या आसपासचं. ते आदिलशाहीकडून कर्नाटकात उतरले. ज्या शहरात मी आत्ता बसले आहे तेच त्यांचं ठाणं झालं, आणि १६६४ मध्ये होदिगेरेला शिकारीत घोड्यावरून पडून ते गेले तेही याच मुलखात. त्यांचे चिरंजीव व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरला गादीवर बसले. ती गादी १८५५ पर्यंत टिकली.

मला ना फौज, ना सरंजाम. माझ्याजवळ शाळेची पेन्शन आहे आणि नगरच्या वस्तुसंग्रहालयातल्या कागदांवर गिरवलेली मोडी आहे. आईचं आजारपण काढलं, त्याचं मला कधी ओझं वाटलं नाही. पण ती गेल्यावर त्या घरात मी नुसती राखणदार होऊन बसले असते. तंजावरला मोडीचे रुमालच्या रुमाल आहेत आणि वाचणारे थोडे. तिथे माझी गरज आहे असं मला वाटतं. भाऊजींना एवढंच सांग.

दौंडच्या अलीकडे भीमा, रायचूरच्या आधी कृष्णा, मग तुंगभद्रा ओलांडली. प्रत्येक पुलावर नदीला हात जोडले.

तंजावर, २६ जून

प्रिय ताई,

घर मिळालं. सोपं गेलं नाही. एका घरी सगळं ठरलं होतं. यजमान कधी येणार, असं विचारलं, मी लग्न केलेलं नाही म्हटल्यावर खोली अचानक ‘नातेवाइकांसाठी ठेवलेली’ निघाली. त्या रात्री लॉजवर मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका आजींनी दार उघडलं आणि मराठीत विचारलं, ‘कोण गाव?’ नगर म्हटलं तर त्यांना ते कुठे हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरातलं कुणी महाराष्ट्रात कधी गेलेलंच नाही. तरी चूल, देवघर, पाळण्याचं गाणं सगळं मराठीत. लिहितात मात्र तमिळ अक्षरांत. त्यांनी यजमानांचं विचारलंच नाही. विहिरीचं पाणी प्यायचं नाही आणि दुपारी बाराच्या आत बाजार उरकायचा, एवढ्या दोन अटी घातल्या.

बाजाराची अट उन्हापायी. आपलं नगरचं ऊन कोरडं, सूर्य कलला की माळावरून वारा सुटतो. इथे रात्रभर अंगाला चिकटून बसतं. पंख्याखाली ओला पंचा टाकून झोपायला आजींनीच शिकवलं. पण पौषातल्या नगरच्या थंडीत माझे गुडघे कसे धरायचे ते तू पाहिलं आहेस. इथे ते दुखणं विसरल्यासारखं झालं आहे.

मोठ्या देवळात रोज संध्याकाळी जाते. राजराज चोळानं १०१० च्या सुमाराला पुरं केलेलं, त्याचं वर्णन तुला कुठेही वाचायला मिळेल. मी सांगते ते प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीचं. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तिथे भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरून घेतला आहे. मजकूर बाबूराव चिटणिसांचा. ओळींमागून ओळी, डोक्याच्या वरपर्यंत. राज्यकारभार १७९९ च्या तहानं कंपनीकडे गेलेला, राजांच्या हाती किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख उरलेला. अशा वेळी त्यांना वाटलं की आपण कोण, कुठले, हे दगडावर असावं, आणि तेही चोळांच्या देवळात. माझ्या मागून सहलीची मुलं पळत गेली. मी एकेक अक्षर बोटानं लावत उभी होते. एका गुरुजींनी विचारलं, वाचता येतं का? मी दोन ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या. आता ते मला पाहिलं की कोणाला ना कोणाला बोलावून आणतात आणि वाचायला लावतात.

तंजावर, ४ ऑगस्ट

प्रिय ताई,

हे पत्र भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखव.

काल तमिळ आडी महिन्याची अठरावी होती. त्या दिवशी कावेरीला पाणी चढलं म्हणून बायका घाटावर जाऊन तिची पूजा करतात. आजींबरोबर तिरुवैयारूला गेले. हळदीचा दोरा, फुलं, गूळ-तांदूळ वाहतात, आणि नव्या नवऱ्या मंगळसूत्राचा दोरा बदलतात. गरोदर बाईचे डोहाळे पुरवावेत तसे नदीचे लाड चालले होते. दुष्काळी गावातली मी. पाणी आलं म्हणून नटूनथटून नदीवर जाणारं गाव मला बघायला मिळालं.

पण हे पाणी आभाळातून इथे पडलेलं नाही. मेट्टूरचं धरण १९३४ चं. साठा पुरेसा असला की १२ जूनला त्याचे दरवाजे उघडतात आणि मग कल्लणैच्या बंधाऱ्यावरून ते फाट्याफाट्यांनी खाली येतं. पाटाला आवर्तन सुटलं की नेवाशात तुम्ही रात्रीची पाळी धरता, अगदी तसंच इथेही. वेळेवर पाणी आलं तर कुरुवै भाताचं पीक साधतं, नाही तर नंतरच्या सांबा पिकावर भागवायचं. शेपटाकडच्या शेतकऱ्याचं रडगाणं तेच. बांधावर भेटलेल्या एकानं हातवारे करत ते मला सांगितलं, आणि त्याचं तमिळ कळत नसतानाही मला ते पुरतं कळलं.

वर कर्नाटक, खाली तमिळनाडू. कावेरी लवादाचा निवाडा २००७ चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी २०१८ चा: वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी सीमेवरच्या बिलिगुंडलूपाशी पोचलं पाहिजे. आपल्याकडे २००५ च्या कायद्यानं मुळा-भंडारदऱ्यातून जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की नगर पेटून उठतं. त्या मोर्चांत मीही घोषणा दिल्या आहेत. इथे मी खालच्या बाजूला राहते, ताई. सोडलेल्या पाण्याची वाट बघणाऱ्यांत. पैठणच्या माणसाला काय वाटत असेल, ते इथे आल्यावर मला कळू लागलं. आपली तहान खरी आहेच, पण त्यांचीही खरी आहे, आणि हे मी नगरला परत आले तरी बोलणार आहे. भाऊजी रागावले तर रागावोत.

कल्लणै करिकाल चोळाचं, अठराशे वर्षांहून जुनं. आर्थर कॉटननं १८३० च्या दशकात त्याच्यावर काम केलं आणि मग आपल्याच गोदावरीवर, आंध्रात धवळेश्वरमला, बंधारा घातला. नेवाशाजवळून जाणाऱ्या पाण्याला समुद्राच्या तोंडाशी अडवणारा माणूस त्याआधी कावेरीवर राबला होता.

तंजावर, २० नोव्हेंबर

प्रिय ताई,

इथला पाऊस आता चालू आहे. आपल्याकडे ज्वारी गुडघ्याएवढी झाली असेल आणि इथे रस्ते वाहताहेत. आपल्या नगरला वर्षाचे पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, इथे हजारच्या आसपास, आणि त्यातला बराचसा दिवाळीच्या मागेपुढे.

सरस्वती महाल ग्रंथालयात आता माझं टेबल ठरलेलं आहे. तमिळ विद्यापीठानं मोडी कागदांचे तमिळ अनुवाद छापले आहेत. मूळ अक्षर आणि अनुवाद शेजारी ठेवून वाचते, तेव्हा माझं तमिळही पुढे सरकतं. सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालातली डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं पाहिली. प्रत्येक रोग्याची हकीकत, सोबत डोळ्याचं रंगीत चित्र.

पण मला सर्वांत धरून ठेवलं ते छत्रांनी. रामेश्वराच्या वाटेवर या राजांनी जागोजागी छत्रं बांधली. ओरत्तनाडला मुक्तांबाबाईंच्या नावाचं एक आहे, त्यांच्या आठवणीसाठी सरफोजीराजांनी उभारलेलं. जात-धर्म न बघता वाटसरूला शिजलेलं अन्न, आजाऱ्याला वैद्य, मुलांना शाळा. कंपनीनं उत्पन्नाला हात घालू नये म्हणून राजांनी रेसिडेंटला लिहून कळवलं होतं: छत्रं चालली पाहिजेत. आपल्याकडून काशी-रामेश्वराला निघालेल्या कितीतरी म्हाताऱ्या विधवा बायका अशा ठिकाणी जेवल्या असतील, चार दिवस टेकल्या असतील. त्यांची आठवण कुणी ठेवली नाही. त्यांच्यासाठी झालेला खर्च मोडीत लिहिलेला सापडेल, एवढी माझी आशा आहे. ओरत्तनाडला बसनं गेले, त्या खांबांखाली बराच वेळ बसले. मला इथे का यायचं होतं ते तिथे नीट उमगलं. त्या एकट्या बायकांचा माग काढायचा आहे मला.

तुम्ही दोघं जानेवारीत या. पोंगलला सांब्याचं भात कापणीला येतं आणि ऊनही सोसवतं. भाऊजींना कल्लणैवर नेईन. कर्नाटक एक्स्प्रेसचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, म्हणजे आत्ताच बघा. बाजरीचं पीठ आणू नकोस, इथे बाजरी मिळते, मी आजींना भाकरी थापायला शिकवली आहे. कपाटातली निळी मोडीची वही तेवढी आण, तिच्यात जुन्या मापांची कोष्टकं आहेत आणि ती मला रोज लागतात. आणि नगरच्या घराला आता भाडेकरू बघायला हरकत नाही. शक्यतो एकट्या राहणाऱ्या बाईला दे.

तुझी,
धाकटी