पाकटांच्या घरी

ग्रँड केमन, नॉर्थ साउंड. कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे आणि पोटरीला काहीतरी मऊ, बुळबुळीत चाटून जातंय. पाकट! पूर्वी कोळी इथल्या संथ पाण्यात मासे साफ करायचे. त्या टाकाऊ तुकड्यांच्या आशेने ही पाकटं जमली आणि इथलीच झाली. नावाडी बजावतो, पाऊल उचलायचं नाही, वाळूत घासत चालायचं. म्हणजे दडून बसलेल्या पाकटाला चाहूल लागते, ते सरकतं. अंगावर पाय पडला, की शेपटीवरचा विषारी काटा उसळलाच म्हणून समजा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि डॉक्टरांना गाठायचं. माकुलाचा तुकडा ठेवून हात सपाट धरला. पोटाखालच्या तोंडाने एका पाकटाने तो सुर्रकन ओढून घेतला. भीती पुरती गेली नाही, आणि जाऊही नये. घर त्यांचं, पाहुणे आपण.