निवणे

मराठीतील काही क्रियापदांना कर्ता असतो, पण करणारा नसतो. ‘निवणे’ हे त्यांपैकी एक. दूध निवते, निखारे निवतात, फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला पाहून डोळे निवतात. तापवायचे तर कोणाला तरी फुंकणी हाती घ्यावी लागते. निवण्यासाठी वाट पाहणे पुरते. पुढे महाविद्यालयात ऊष्मागतिकीचा दुसरा नियम शिकलो, तेव्हा तो मला परका वाटला नाही. उष्णता आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलट दिशेने आपण होऊन कधीच जात नाही, एवढेच तो सांगतो. आमच्या स्वयंपाकघराला हे पूर्वीपासूनच ठाऊक होते.

पहिला नियम हिशेबाचा. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, नाहीशीही होत नाही; ती केवळ रूप पालटते. हे सत्य कोणा एकालाच गवसले नाही. रोबेर्ट मायर हा जर्मन डॉक्टर १८४० मध्ये जहाजावरून जाव्हाला गेला होता. तेथे खलाशांच्या नीलेतील रक्त त्याला अपेक्षेपेक्षा अधिक लाल दिसले. उष्ण प्रदेशात देहाची ऊब राखण्यासाठी कमी प्राणवायू खर्च होत असावा, असा तर्क त्याने केला आणि त्यावरून तो अन्न, उष्णता व श्रम यांच्या नात्यापर्यंत पोहोचला. त्याच दशकात इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ, बिअर करणाऱ्या घराण्यातील जेम्स ज्यूल याने खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले. वाटा निराळ्या होत्या, मुक्काम एकच.

पण हिशेब जुळला म्हणजे संसार चालतोच असे नाही. निवलेल्या चहाची उष्णता नष्ट झालेली नसते. ती खोलीभर पसरलेली असते. बाहेरून काही खर्च केल्याखेरीज ती गोळा करून पुन्हा कपात आणता येत नाही. हरवते ती ऊर्जा नव्हे, तिची उपयोगिता. या परत न फिरणाऱ्या वाटचालीच्या मापाला रुडॉल्फ क्लॉसियसने १८६५ मध्ये ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिले.

त्याच्याही आधी, १८२४ मध्ये, सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने एक लहानसे पुस्तक लिहिले होते. पाणचक्कीला जशी उंचसखल जागा हवी, तशी वाफेच्या यंत्राला दोन तापमाने हवीत. आणि यंत्राकडून जास्तीत जास्त किती काम मिळेल हे त्या दोन तापमानांवर ठरते, कारागिराच्या कौशल्यावर नव्हे, असे त्याने दाखवले. १८३२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो पटकीने गेला. साथीच्या भयाने त्याची बहुतेक कागदपत्रे जाळण्यात आली. उरलेली काही टिपणे १८७८ मध्ये त्याच्या भावाने प्रसिद्ध केली, तेव्हा कळले की ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचारही त्याने इतरांच्या आधी केला होता. ते कागद मला फार वेळा आठवतात. जळालेल्या कागदाचा एक कणही विश्वातून कमी होत नाही. अक्षरे मात्र परत येत नाहीत.

कार्नोची मर्यादा आजही आपल्या दारात उभी आहे. कोळशावरच्या वीजकेंद्रात उष्णतेच्या एक तृतीयांशाहून थोड्याच अधिक भागाची वीज होते. बाकीची उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून आकाशात जाते. म्हणजे घरी विजेचे एक युनिट वाचवले की तिकडे जवळजवळ तीन युनिटांची आग वाचते. वातानुकूलन यंत्रही गारवा निर्माण करीत नाही. ते खोलीतली उष्णता उचलून, तीत स्वतःची भर घालून, गल्लीत टाकते. भर वैशाखात त्या गल्लीतून हातगाडी ढकलणाऱ्याच्या तोंडावर येणारी झळ आपल्या गारव्याची किंमत असते, आणि ती आपण भरलेली नसते.

आई हे नियम शिकली नव्हती. त्यांच्याशी झुंजत मात्र ती आयुष्यभर होती. पहाटे बंब पेटवायचा, दूध नासण्याआधी तापवायचे, झाडलेले घर पुन्हा झाडायचे. तिचे काम ‘झाले’ असे कधी दिसतच नसे, म्हणून ते आम्हाला कामही वाटत नसे. व्यवस्था आपोआप टिकत नाही, कोणी तरी आपली शक्ती वेचत असते म्हणून ती टिकते, हे मला विज्ञानाने सांगितले. कोण वेचत होते, हे त्याआधी दिसायला हवे होते. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सभोवती देत असतो. ती तर दिवसभर उभी असे.

तिच्या अस्थी सावडायला आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. वरची राख निवली होती. हात थोडा आत घातला तेव्हा तेथे अजून ऊब होती. भटजींनी दूधपाणी शिंपडायला सांगितले; मी क्षणभर थांबलो.

ऊष्मागतिकीचा तिसरा नियम सांगतो की निरपेक्ष शून्य, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, हे तापमान कितीही पायऱ्या उतरल्या तरी गाठता येत नाही. त्याच्या अगदी जवळ जाता येते, इतकेच. पदार्थाविषयीचा हा नियम मनाला लावण्याचा मला अधिकार नाही. पण पूर्णपणे निवणे निसर्गालाही साधलेले नाही, एवढे जाणून मला बरे वाटते.