दोन ओळींमधला माणूस

आमच्या घाटकोपरच्या घरात गाणं म्हणजे तीन माणसं: गायक, गीतकार, संगीतकार. विविध भारतीवर तेवढीच नावं सांगत, रेकॉर्डच्या लेबलवरही तेवढीच असत. त्यामुळे 'काश्मीर की कली'मधल्या 'है दुनिया उसी की' या गाण्यात रफीसाहेबांची ओळ संपली की जो दुसरा आवाज सुरू होतो, त्यांच्याइतकाच झिंगलेला आणि त्यांच्याइतकाच दुखावलेला, तो कुणाचा हे कळायला मला कॉलेज उजाडावं लागलं. आवाजच म्हणतो मी. लहानपणी ते वाद्य आहे असं कधी वाटलंच नाही.

सांगितलं ते आमच्याच मजल्यावरच्या एका काकांनी. दिवसा रेल्वेत नोकरी, लग्नसराईत आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन. "मनोहारीदा," असं म्हणून त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. मनोहारी सिंग हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

काकांकडे मी तासन् तास बसत असे. सॅक्सोफोनची पातळ रीड ते आधी तोंडात धरून भिजवायचे, खिडकीच्या उजेडात धरून टोकाला चीर गेली नाही ना ते बघायचे, मग माउथपीसवर बसवून हलक्या हाताने स्क्रू आवळायचे. आल्टो सॅक्सोफोनवर 'सी' वाजवला की पेटीवरची काळी दोन ऐकू येते, म्हणून वाजवणाऱ्याला समोरचं नोटेशन कायम मनातल्या मनात सरकवून घ्यावं लागतं, हेही त्यांनीच शिकवलं. आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत: "बोटं सगळ्यांची चालतात रे. तो श्वास कुठे घेतो ते ऐक."

मनोहारीदांचा जन्म कोलकात्यातल्या नेपाळी कुटुंबातला, 1931चा. लहान वयातच ते बाटानगरच्या बाटा कंपनीच्या बँडमध्ये वाजवायला लागले. जॅझ त्या शहराच्या हवेतच होता: महायुद्धाच्या काळातलं कोलकाता अमेरिकन सैनिकांनी भरलेलं होतं आणि ग्रँड हॉटेलात टेडी वेदरफर्डसारखा अमेरिकन पियानोवादक जॅझ वाजवत होता. सलील चौधरींच्या आग्रहावरून मनोहारीदा 1958 साली मुंबईत आले आणि सचिनदेव बर्मन यांच्या 'सितारों से आगे'मध्ये त्यांना पहिली संधी मिळाली. पुढे राहुलदेव बर्मन यांचे सहायक म्हणून बासू चक्रवर्ती आणि आपले मारुतीराव कीर यांच्यासोबत त्यांचं नाव पडद्यावर झळकू लागलं. पण कुठला श्वास त्यांचा, हे काही त्या नावावरून कळत नसे.

नोकरी लागल्यावर मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून जॅझच्या कॅसेट आणू लागलो. चार्ली पार्कर याच वाद्यावरचा, आल्टोवरचा. 1940च्या दशकात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी बीबॉप ही जॅझची नवी शैली घडवली आणि 1955मध्ये, अवघ्या 34व्या वर्षी तो गेला. त्याच्या सावलीत किती आल्टोवाले झाकोळून गेले! सनी स्टिटची तुलना पार्करशी इतकी होत राहिली की त्याने काही काळ टेनर सॅक्सोफोन हातात घेतला. अर्नी हेन्री मला फार आवडतो. थेलोनियस मंकच्या 'ब्रिलियंट कॉर्नर्स'वर तो आहे, ओरडल्यासारखा, रडल्यासारखा. 1957च्या अखेरीस, 31व्या वर्षी तो वारला. त्याचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

ही मंडळी ऐकताना मला सारखे मनोहारीदा आठवत. बीबॉपवाल्याला निदान आपली पाळी येते. धून वाजवून झाली की तो त्याच चालीवर आवर्तनामागून आवर्तन मांडू शकतो, चुकला तर पुढच्या आवर्तनात सावरतो. मनोहारीदांना मिळायच्या चार-आठ मात्रा. त्या काळी गायक आणि सगळे वादक एकत्र बसून टेक देत, कुणा एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा सुरुवातीपासून. अशा वेळी श्वास भरून घ्यायचा, गायकाच्या शेवटच्या अक्षरातली कळ उचलायची, ती दोन वाक्यांत पुढे न्यायची आणि अंतरा सुरू व्हायच्या आत बाजूला व्हायचं. 'आराधना'तलं 'रूप तेरा मस्ताना' ऐका. केरसी लॉर्ड यांचा अकॉर्डियन, किशोरकुमारांचा दबका आवाज आणि मध्ये मनोहारीदांचा सॅक्सोफोन. किशोरदा जे शब्दांत म्हणू शकत नाहीत तेवढंच तो सॅक्सोफोन बोलतो. इतकं कमी वाजवून इतकं सांगणारा आल्टोवादक मला जॅझच्या कॅसेटवरही क्वचितच भेटला. मी त्यांना त्या थोरांच्या पंगतीत बसवतो, आणि हे भिडेखातर म्हणत नाही.

पंचमदा, म्हणजे राहुलदेव बर्मन, 1994मध्ये गेल्यावर त्यांच्या आठवणींचे कार्यक्रम सुरू झाले आणि पडद्यामागचे वादक रंगमंचावर येऊ लागले. उपनगरातल्या एका नाट्यगृहात मी मनोहारीदांना समोर बसून ऐकलं. वय सत्तरीच्या पुढे, दमसास मात्र शाबूत. पहिल्या चार स्वरांतच प्रेक्षकांना गाणं कळलं, गायिका अजून माइकपाशी पोचलीही नव्हती. टाळ्या पडल्या त्या त्या चार स्वरांना. काका माझ्या शेजारी होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, श्वास मोजत होते.

13 जुलै 2010 रोजी मनोहारीदा गेले.

माझी भाची बोरिवलीला सॅक्सोफोन शिकते. तिच्या सरांनी तिला पार्करच्या सोलोंचं नोटेशन दिलंय आणि ती ते झपाट्याने वाजवते. गेल्या रविवारी मी तिला 'है दुनिया उसी की' लावून दिलं. स्वर तिने लगेच काढले, पण मींड येईना. बोटं बरोबर पडत, आणि जिथे स्वर घसरत यायला हवा तिथे तो पायरी उतरल्यासारखा खाली आपटे. जबडा थोडा सैल सोडायचा, ओठांची पकड ढिली करायची, कळ पूर्ण न दाबता अर्धवट उचलायची, हे तिला सरांनी सांगितलेलं आहे, पण ते सगळं एका श्वासात जमवणं वेगळं. दहा वेळा झालं तरी येईना, तेव्हा तिने पार्करचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मामा, परत लाव. फक्त तो तुकडा."