कार्ल्याच्या खांबांवरचे यवन

ग्रीसच्या सहलींची रंगीत पत्रके हल्ली आमच्या कासार आंबोलीपर्यंत येऊन पोचतात. अथेन्स, पडके खांब, म्युझियम, आठ दिवस... आणि खाली छापलेला आकडा वाचला, की ते पत्रक डब्याखाली अंथरायच्या उपयोगाचे! पण मैत्रिणींनो, जुन्या ग्रीकांची ओळख करून घ्यायला विमान लागत नाही. ते केव्हाचेच आपल्या मावळात येऊन गेलेत.

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. 'यवन म्हणजे कोण?' असे विचारले की मुले बखरीतले उत्तर देतात. बखरींपुरते ते बरोबरही आहे. पण मुळात हा शब्द ग्रीकांचा. आयोनियातल्या ग्रीकांना इराणी लोक 'यौन' म्हणत. त्याचे प्राकृतात 'योन' आणि संस्कृतात 'यवन' झाले. मुसलमानांना तो शब्द लागला तो फार पुढे. हे मुलांना फळ्यावर सांगून पटत नाही, म्हणून म्हटलं, आधी आपण पाहून येऊ.

सासूबाईंना एकवीरेची ओटी भरायचीच होती, त्यामुळे घरातून परवानगीचा प्रश्न आला नाही. सकाळी सहाला निघालो. पौड, कोळवण, तिकोना पेठ, पवनानगर आणि कामशेत असा आतला रस्ता. पवनेचे पाणी दिसले तिथे थांबून थर्मासातला चहा घेतला. वेहेरगावाहून तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. सासूबाई थांबत थांबत, पण न कुरकुरता चढल्या.

एकवीरेचे देऊळ अगदी लेण्याच्या तोंडाशी आहे. ओटी भरली, आणि चार पावलांवर चैत्यगृहात शिरलो. सुमारे पंचेचाळीस मीटर लांब, चौदा मीटर रुंद आणि तितकेच उंच दालन. अखंड कातळात कोरलेले, साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. छताच्या कमानींना लावलेल्या सागवानी फासळ्या त्या काळच्या, अजून जागेवर आहेत. आमच्या स्वयंपाकघराचे दार चार पावसाळ्यांत फुगते, त्यामुळे मी त्या लाकडाकडेच बराच वेळ पाहत राहिले!

दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा कोरीव खांब, त्यांच्या शिरावर हत्तींवर बसलेली जोडपी. आणि अनेक खांबांवर ब्राह्मी लिपीत छोटे छोटे लेख. मी त्यांचे छापील वाचन आधीच वहीत उतरवून नेले होते. धेनुकाकटाचा यवन सिहधय, त्याने हा खांब दिला. तिथलाच यवन यसवधन, त्याने हा. पुढे धम नावाचा यवन. हे धेनुकाकट नेमके कुठले, ते अजून ठरलेले नाही. आणि ही माणसे रक्ताने ग्रीकच होती का, यावरही विद्वानांचे एकमत नाही. नावे तर चक्क देशी. यसवधन म्हणजे आपला यशोवर्धन की! काहींच्या मते पिढ्यान् पिढ्या इथे राहून, बौद्ध होऊन त्यांनी नावे बदलली. मला हेच पटते. नाव बदलले तरी 'यवन' हे सांगायला ते विसरले नाहीत. लग्नानंतर नाव-आडनाव बदलूनही आपण 'मी मूळची अमक्या गावची' म्हणतोच ना?

सासूबाईंना यवनांचे फारसे कौतुक वाटले नाही. "म्हणजे भांड्यावर नाव घालतात तसंच," म्हणाल्या. मला हसू आले, पण खरेच तसे आहे. दुकानातून पातेले आणले की त्यावर कोणी, कोणाला, केव्हा दिले ते कोरून घेतो. "आणि बायकांची नावं?" त्यांनीच विचारले.

आहेत! एका लेखात महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचे दान आहे. दुसऱ्यात घुणिकाची आई कोडी ही भिक्षुणी. तिने वेदिका म्हणजे कठडा दिला, तो घडवणारा नंदिक. दोघीही कुणाची तरी आई म्हणून येतात, पण स्वतःचे नाव गाळलेले नाही. सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळच्या पितळेच्या हंड्यावर तर फक्त ह्यांचं नाव आहे. पैसे माझ्या भिशीचे होते."

मला काही सुचले नाही. चाळीस वर्षे तो हंडा घरात आहे, मी तो चिंचेने घासून लख्ख करत आले, आणि हे कधी कानावर आले नव्हते.

दाराशी आणखी एक गंमत वाचायला मिळते: लेण्याचे दार धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने केले. सुतार, आणि काम दगडाचे! छताला लाकडी फासळ्या का, ते इथे थोडे उमगते.

म्युझियमची हौस मी पूर्वीच कोल्हापुरात भागवली होती. अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा टाऊन हॉलच्या संग्रहालयाला अर्धा तास द्या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४ च्या सुमारास सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तिथे आहे. समुद्रापार घडलेली ही वीतभर मूर्ती पंचगंगेकाठी पोचली ती व्यापाराच्या वाटेने.

कार्ल्याला शक्यतो रविवारी आणि चैत्रातल्या यात्रेत जाऊ नका, दर्शनाच्या रांगेतच दिवस जातो. विजेरी न्या. मी पोळ्या, बटाट्याची भाजी आणि कैरीचे लोणचे नेले होते. माकडांमुळे डबा मात्र खाली येऊनच उघडला.

आता जुन्नर. तिथल्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, आणि इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी. सासूबाई येते म्हणाल्यात. त्याआधी हंड्यावर नाव घालून घ्यायचे आहे, शेजारीच जागा आहे.