मक्राणीतला ‘ण’

महाराष्ट्रात धानोरा नावाची गावं बरीच आहेत. आमचं नंदुरबार जिल्ह्यातलं. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात एक आहे. गडचिरोलीत तर धानोरा नावाचा आख्खा तालुका आहे. त्यामुळे ‘धानोरकर’ हे आडनाव ऐकलं की त्या घराण्याचा कुठल्यातरी धानोऱ्याशी संबंध असावा, एवढंच कळतं. कुठल्या, ते कळत नाही. आणखी एक गोष्ट: धानोऱ्यात राहणाऱ्याला धानोऱ्यात कुणी धानोरकर म्हणत नाही. तो गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला तसं म्हणू लागतात. गावावरून पडलेलं आडनाव हे बहुतेक वेळा गाव सोडलेल्या माणसाचं असतं.

हा साधा नियम मनात ठेवून आमच्या जिल्ह्यातल्या एका आडनावाकडे पाहू. ते आडनाव ‘मक्राणी’.

पुण्या-कोल्हापूरकडच्या वाचकांनी हे आडनाव कदाचित ऐकलंही नसेल. तिकडच्या मुस्लिमांत मुलाणी, तांबोळी, शिकलगार, अत्तार, इनामदार भेटतात. कोकणात गावावरून पडलेली आणि ‘कर’ लागलेली आडनावं भेटतात. मक्राणी मात्र महाराष्ट्राच्या या वायव्य कोपऱ्यात भेटतात. अक्कलकुव्याला लागून मक्राणी फळी नावाची वस्तीच आहे. आमच्याकडे फळी म्हणजे पाडा, मोहल्ला. तळोदा-अक्कलकुव्याकडून सीमा ओलांडली की हेच आडनाव गुजरातेत छोटा उदेपूर, बडोदा आणि थेट सौराष्ट्रात जुनागढपर्यंत सापडतं. म्हणजे आमच्याकडचे मक्राणी ही एका मोठ्या गुजराती पट्ट्याची महाराष्ट्रात शिरलेली शेपटी आहे.

आडनाव आलं कुठून? शाळेत मुलांना विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: अक्राणीवरून. धडगाव तालुक्याचं दुसरं नाव अक्राणी. यमक इतकं चोख जुळतं की मोठी माणसंही फसतात. पण अक्राणीची लोककथा अक्काराणीची आहे, तिचा मक्राणींशी काही संबंध नाही. थोडं वाचलेला माणूस दुसरं उत्तर देतो: राजस्थानातलं मकराणा, जिथला संगमरवर ताजमहालाला लागला. तेही नाही. मक्राणी म्हणजे मक्रानचा. मक्रान ही बलुचिस्तानची समुद्राकडची पट्टी. आज तिचा काही भाग पाकिस्तानात आहे, काही इराणात. ग्वादर, पसनी, चाबहार ही बंदरं तिथलीच. पाऊस जवळजवळ नाही, शेती खजुराची, बाकी सगळा भरवसा समुद्रावर. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिकंदराची फौज परतताना याच वाळवंटात तहानेने मेटाकुटीला आली होती. अशा मुलखातला तरुण पोट भरायला बाहेर पडणारच.

मक्रानातून बाहेर पडायची वाट समुद्रातून होती. ग्वादर तर १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाच्या ताब्यात होतं. म्हणून आपल्या इतिहासात अरब आणि मक्राणी ही दोन नावं पुष्कळदा जोडीनेच येतात. काठियावाड आणि गुजरातमधल्या संस्थानिकांना शिबंदीसाठी माणसं हवी असत, आणि तीही परकी. गावातल्या माणसाचे गावात सोयरे, भाऊबंद, वैरी असतात. त्याच्या हातात बंदूक दिली तर ती उद्या कुणीकडे वळेल सांगता येत नाही. परक्याला फक्त पगार ठाऊक असतो. त्या काळचे संस्थानिक परका माणूस परका आहे म्हणूनच त्याला बोलावत होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण परका फार दिवस परका राहत नाही. खानदेशातलं उदाहरण १८५८ चं आहे. खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात कंपनी सरकारविरुद्ध उठाव केला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला मोठी लढाई झाली. त्या लढाईत भिल्लांच्या बाजूने मक्राणीही लढले. दुसरं उदाहरण सौराष्ट्रातलं. जुनागढ संस्थानातल्या इणाज गावचा कादू मक्राणी १८८० च्या दशकात बहारवटिया झाला आणि १८८७ साली कराचीत फासावर चढला. झवेरचंद मेघाणींनी सोरठी बहारवटियांच्या कथांत त्यालाही जागा दिली, आणि १९६० मध्ये त्याच्यावर गुजराती चित्रपट निघाला. शिबंदीत चाकरीला आलेल्यांचा वंशज गुजराती लोककथेचा नायक झाला, तोही आपल्या परक्या आडनावासकट.

त्या काळात भाडोत्री शिपाई काही फक्त मक्रानातून येत नव्हते. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईत इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती होता पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. शिंद्यांच्या त्याच फौजेत सरधन्याच्या बेगम समरूच्याही पलटणी होत्या. ‘समरू’ हे नाव तरी कुठलं? बेगमचा जोडीदार वॉल्टर राइनहार्ट हा जर्मनभाषक शिपाईगडी. त्याच्या सावळ्या, उदास चेहऱ्यामुळे त्याला फ्रेंच भाषेत ‘सोंब्र’ म्हणत. हिंदुस्थानी जिभेने त्याचं ‘समरू’ केलं. राइनहार्ट हे खरं आडनाव पुसलं गेलं आणि टोपणनाव उरलं. बेगमचा वारस तर डाइस सोंब्र या नावाने १८४१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेला. आपल्याकडच्या गावांत मात्र आज पोलमन नाहीत, राइनहार्टही नाहीत. लढाया संपल्या, पगार चुकते झाले, माणसं पांगली. मक्राणी राहिले. त्यांनी इथे घरं केली, मुलं वाढवली, माणसं दफन केली. शिपाई म्हणून येणं आणि रहिवासी होऊन राहणं यातला फरक आडनावातच दिसतो.

आता या आडनावातल्या शेवटच्या अक्षराकडे येते, कारण उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना ते मला रोज दिसतं. मक्रान या मूळ नावात ‘ण’ नाही. उर्दूत ‘ण’साठी वेगळं अक्षरच नाही. मीम, काफ, रे, अलिफ, नून, ये एवढी अक्षरं मांडली की झालं मक्रानी. मग ‘ण’ आला कुठून? तो इथे आला. मराठी आणि गुजराती जिभेची ही जुनी खोड आहे. ईरानचं आपण इराण केलं, पठानचं पठाण केलं, कुरआनचंही कुराण केलं. दुकान, मैदान, सुलतान यांच्या वाट्याला हे आलं नाही, त्यांचा ‘न’ तसाच राहिला. पण मक्रानचं मक्राण झालं आणि तिथला माणूस मक्राणी झाला. त्या आडनावाचा देह मक्रानचा असेल, पण ‘ण’ इथल्या मातीचा आहे. मक्रानात मक्राणी आडनाव कुणी लावून फिरत नसेल. धानोऱ्यातल्या माणसाला धानोरकर म्हणत नाहीत, तसंच. हे आडनाव इथे पडलं, इथल्या लोकांनी दिलं, इथल्या उच्चाराने घडवलं.

हे फक्त भाषेच्या तासाला सांगायचं असतं तर हा लेख लिहिला नसता. आज हा ‘ण’ लोकांना अडचणीत आणतो आहे. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘मक्राणी’ असतं. रेशन कार्डावर ‘मकराणी’. आधारवर इंग्रजीत नाव बरोबर असतं, पण यंत्राने त्याचं मराठी करताना ‘मकरानी’ केलेलं असतं. तीन कागद, तीन आडनावं, माणूस एकच. एका पालकांना एका कार्यालयातून दोनदा परत पाठवलं, कारण बाप आणि मुलगा यांच्या आडनावात ‘तफावत’ आहे. सध्या कागदांची भीती कुणाला वाटते, हे वेगळं सांगायला नको. ज्याचं आडनाव ऐकून आधीच ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारलं जातं, त्याला अक्षराची चूक परवडत नाही.

म्हणून पहिलीच्या प्रवेशाला आलेल्या पालकांना मी सांगते: घरातला सगळ्यात जुना कागद आणा. आजोबांचा दाखला, सातबारा, जन्माची नोंद, जे असेल ते. त्यात जसं आहे तसंच जनरल रजिस्टरला लिहू, आणि पुढचे सगळे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. रजिस्टरमधली नोंद नंतर बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. राजपत्रात नाव बदलायचं तर अर्ज, फी, खेटे. पहिल्या दिवशी दहा मिनिटं दिली तर पुढची दहा वर्षं वाचतात.

राहिला ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न. नंदुरबारच्या माणसाने तो विचारताना जरा आपल्या गावाकडेच पाहावं. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. शाळकरी शिरीषकुमार मेहता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. मेहता हे नाव गुजरातकडचं. केतकर कोकणाकडचं. शहा हे तर गुजराती व्यापाऱ्याचंही असतं आणि शाह म्हणून मुस्लिम घरातलंही. आमच्याकडचं तडवी घ्या. अक्कलकुव्याकडचे तडवी आदिवासी आहेत, आणि यावल-रावेरकडे गेलं की तडवी भिल्ल मुस्लिम भेटतात. आडनावावरून माणसाचा धर्म सांगता येत नाही, मग त्याचा देश कसा सांगता येईल?

पूर्वज कुठून निघाले, हे आडनाव सांगू शकतं. आजचा माणूस कुठला, हे ते सांगत नाही. त्यासाठी त्याची शाळा, त्याचं शेत, त्याच्या आजोबांची कबर पाहावी लागते. मक्राणी आडनावाच्या मुलांना मी इतकंच सांगते की तुमच्या नावातला ‘ण’ नीट लिहा, जोर देऊन उच्चारा. तुम्ही इथले आहात, याची साक्ष तुमच्या आडनावातच आहे.